कुलपाचा गोल

प्रिय कुलूप,

पत्र बघून हसशील. शाळा सुटल्यापासून रजेच्या अर्जापलीकडे मी काही लिहिलेलं नाही, आणि माझं अक्षर किती वळणदार आहे ते वहिनींना आता कळेलच. पण दुसरा इलाज नव्हता. वाचायला तुला डॉक्टरांनी मनाई केलीय, फोनवरचं बोलणं तुझ्या डोक्यात ठणकतं, आणि समोर येऊन बसलं की तू भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतोस. वहिनी, हे तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मधे एखादं वाक्य तुम्हाला जड जाईल, ते वगळू नका. त्याने कूस बदलली तरी थांबू नका. इतकी वर्षं मी त्याच्या शेजारच्या बाकावर बसून बूट बांधलेत, बसमध्ये त्याचं डोकं माझ्या खांद्यावर पेललंय. त्याची खरी झोप मला ठाऊक आहे. खऱ्या झोपेत तो घोरतो.

आधी इकडची खबर देतो. हंगाम संपला हे तुझ्या कानावर आलंच असेल. हंगामाबरोबर आपली फुटबॉल लीगही संपली. लीगच्या ऑफिसात आता चष्म्याचं दुकान येणार आहे. आपलं मैदान गाड्या विकणाऱ्या एका कंपनीने घेतलंय, आणि गवतावर खडी टाकायला सुरुवात झालीय. परवा गेलो होतो तेव्हा गोलचे खांब अजून उभे होते, जाळ्या मात्र कोणीतरी काढून नेल्या होत्या. आपले कपडे धुणाऱ्या मावशी आता एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात लागल्यात. चादरींच्या पाठीवर नंबर नसतो, त्यामुळे कोण किती लोळलं ते कळत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. ड्रायव्हरकाका शाळेची बस चालवतात. मी टाइल्सच्या गोदामात आहे. पांढरे केस पाहून तिथेही पोरांनी मला पहिल्याच दिवशी म्हातारा म्हणायला सुरुवात केली, म्हणजे नवीन नावाची सवय करायला नको. मास्तर घरीच असतात. दोनदा गेलो तर दोन्ही वेळा खिडकीपाशी बसलेले होते. मैदानावर आपल्याला शिकवताना ज्या माणसाचं तोंड एक मिनिट मिटायचं नाही, तो माणूस मला चहा देऊन गप्प बसून राहिला.

तुझी आठवण रोज येते, आणि येते ती चेष्टेसकट येते. उजवी बाजू तुझी. तिकडून कोणी आत शिरायचं नाही, म्हणून तुझं नाव कुलूप. पण इतक्या हंगामांत तुझ्या नावावर गोल म्हणून नव्हता. सरावाच्या सामन्यातसुद्धा नाही. कुलपाला कधी कोणी पळताना पाहिलंय का, असं मी म्हणायचो आणि तू माझ्या बुटात पाणी ओतायचास. आमचं बोलणं तू हसण्यावारी न्यायचास, छोटीचं मात्र तुला लागायचं. सामन्याहून घरी गेलास की ती दारातच विचारायची, बाबा, आज गोल केलास का. तू तिला दर वेळी समजावायचास की गोल करणं हे बाबाचं काम नाही, अडवणं हे बाबाचं काम. ती शहाण्यासारखं ऐकून घ्यायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच विचारायची. या हंगामाच्या सुरुवातीला तू बसमध्ये मला हळूच म्हणालास की लीग बंद पडायच्या आत एक तरी करून टाकायचा, पोरीला उत्तर द्यायला. त्यावर मला चेष्टा सुचली नाही. तोवर लीग बंद पडणार हे आपल्यापैकी कोणी तोंडातून काढलं नव्हतं.

खरं तर दिसत सगळ्यांनाच होतं. आधी टीव्हीवाल्यांनी कॅमेरे नेले. मग मैदानाभोवतीच्या जाहिराती गेल्या आणि नुसत्या पांढऱ्या फळ्या राहिल्या. मग मालक यायचे बंद झाले, मग त्यांचा फोन लागायचा बंद झाला. मैदानाची निगा राखणारा माणूस कंटाळून निघून गेला, तेव्हा मास्तर स्वतः चुन्याच्या रेषा मारायला लागले. त्या रेषा इतक्या वाकड्या यायच्या की रेफरी एकदा म्हणाला, आउट कुठल्या वळणावरून धरू. हसत होतो आपण तेव्हा. प्रेक्षकांत नेहमीचे चार पेन्शनर आणि त्यांचे थर्मास, एवढेच उरले होते तरी हसत होतो.

आणि अशा त्या हंगामात तू गोल केलास. नदीपलीकडच्या क्लबाविरुद्ध, आपल्या मैदानावर, आणि त्या एका गोलावर आपण सामना जिंकलो. आपला हंगामातला एकुलता एक विजय. पण त्याच उडीत तू खांबावर आदळलास, आणि तुला शुद्ध आली तेव्हा बुटाची नाडी बांधली इथपर्यंतच तुला आठवत होतं. पुढचं सगळं कोरं. मी आणि मास्तर तुझ्या पलंगाशी उभे होतो. मास्तरांनी सांगितलं, गोल केलास. तू आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलंस. मग म्हणालास, मला आठवत नाही तर नाही, कागदावर राहील ना, छोटीला दाखवता येईल. मास्तर म्हणाले, राहील. एवढं बोलून ते बाहेर गेले आणि पाठोपाठ मी गेलो, तर ते पाण्याच्या नळाशी उभे. नळ चालू, आणि ग्लास हातात तसाच रिकामा.

त्याचं कारण तुला तेव्हा सांगितलं नाही, आता सांगतो. लीगचा नियम होता की मैदानात सातपेक्षा कमी खेळाडू उतरले तर तो क्लब बाद. आणि बाद झालेल्या क्लबाचे हंगामातले सगळे सामने पुसून टाकायचे, जणू खेळलेच नाहीत. पगार बंद झाल्यापासून आपल्यातले एकेक जण दुसरीकडे पोट भरायला चालले होते, आणि त्यांना अडवणार कोण. आपला क्लब बाद झाला असता तर तुझा गोलही गेला असता. मास्तरांनी त्याच संध्याकाळी आम्हाला ड्रेसिंगरूममध्ये बसवलं. जिंकायचं राहू द्या, म्हणाले, हरायचं असेल तितकं हरा, पण शेवटच्या रविवारपर्यंत सात माणसं उभी राहिली पाहिजेत. कुलपाला शब्द दिलाय. शब्द मास्तरांनी दिला होता, पण तुझ्यासमोर मीही उभा होतो, तेव्हा तो माझाही झाला.

मग काय तमाशा झाला तो तू पाहायला हवा होतास. क्लबात नोकरीला असलेल्या कोणाचंही नाव खेळाडू म्हणून लावता येतं, हे मास्तरांनी शोधून काढलं, आणि ड्रायव्हरकाका गोलमध्ये उभे राहिले. त्या माणसाने आयुष्यभर समोरून येणारी प्रत्येक गोष्ट चुकवली. चेंडू आला की ते सवयीने बाजूला व्हायचे. तुझ्या जागी, उजवीकडे, कोण खेळलं माहितेय? खुद्द मास्तर. पोट आत ओढून, गुडघ्याला पट्टे बांधून. समोरचे पोरगे त्यांच्या बाजूने पळून जाताना माफ करा म्हणायचे. आम्ही इतके गोल खाल्ले की गुणफलकावरचे आकडे बदलणारा माणूस एकदा चहा प्यायला गेला आणि परत आल्यावर त्याला आम्हालाच विचारावं लागलं. पण सामना संपला की आम्ही एकमेकांना मोजायचो, सात भरायचे, आणि आनंदाने बसमध्ये बसायचो. एवढं हरून इतका आनंदी असलेला संघ दुसरा झाला नसेल.

तुझी जर्सी आम्ही तुझ्या खुंटीवर टांगून ठेवली होती. तिची वेगळीच गंमत. तुझ्या गोलच्या सामन्याच्या आदल्या दिवशी मास्तरांनी गोलचे खांब रंगवले होते, रेषांसारखेच घाईघाईने, आणि हवा दमट असल्यामुळे रंग नीट वाळला नव्हता. तू खांबावर आदळलास तेव्हा उजव्या खांद्यावर पांढऱ्या रंगाचा जाड पट्टा उमटला. रक्ताचे डाग मावशींनी काढले, पण तो रंग काही निघेना. त्यांनी हात टेकले. चिखल, रक्त, गंज, सगळं काढलंय, म्हणाल्या, ह्या खांबापुढे हरले. ड्रायव्हरकाकांनी एकदा रंग अजून ओला आहे का म्हणून त्या पट्ट्याला बोट लावलं, आणि त्या दिवशी त्यांनी चक्क एक चेंडू अडवला. झालं, तेव्हापासून मैदानात उतरताना प्रत्येकजण त्या पट्ट्याला बोट लावून जायला लागला. मास्तर सगळ्यांत शेवटी, कोणी पाहत नाही असं पाहून.

हंगाम उतरणीला लागला तसे आमचे सातही भरेनात. दोघे एकदमच गेले, एकाला जहाजावर नोकरी लागली, दुसऱ्याचे वडील आजारी. तेव्हा मास्तर नदीपलीकडच्या क्लबाकडे गेले. त्यांच्या कोचाशी मास्तरांचं जन्माचं वैर, तुला ठाऊक आहे, पण तुझं नाव काढल्यावर तो माणूस विरघळला. त्याने चार खेळाडू उसने दिले. लीगमध्ये ते चालत होतं. त्यांच्याकडे तेव्हा माणसं बरी होती, गोलकीपर तर दोन होते. त्यातला मोठा, उंच, दाढीवाला, तुझा गोल खाल्लेला, तोच आमच्याकडे आला. पहिल्याच दिवशी त्याने जर्सीवरचा तो पट्टा पाहिला आणि म्हणाला, ह्या माणसाने मला आयुष्यातला सगळ्यात घाणेरडा गोल घातला. आणि मग त्यानेही बोट लावलं.

आम्ही नियम डोळ्यात तेल घालून वाचला होता, पण आपल्या बाजूने वाचला होता. तो दुसऱ्या बाजूनेही लागू होतो, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. एका रविवारी आम्ही बाहेरगावी खेळून परत येत होतो. नेहमीसारखे हरलो होतो आणि मागच्या बाकांवर गाणी चालली होती. दाढीवाल्याला फोन आला. तो नुसता हं, हं करत राहिला आणि मग त्याने फोन मांडीवर ठेवला. त्यांच्या क्लबात तापाची साथ आली होती. दोघे आदल्याच आठवड्यात सोडून गेले होते. त्या दुपारी ते सहाच उभे राहिले. रेफरीने वाट पाहिली, घड्याळ पाहिलं, पुन्हा वाट पाहिली, आणि शिट्टी वाजवली. त्यांचा क्लब बाद झाला. आणि त्यांची चार माणसं आमच्या बसमध्ये बसली होती.

गाणी थांबली. त्यांचा क्लब गेला होता, आणि तो आमचा सांभाळता सांभाळता गेला होता. दाढीवाला खिडकीबाहेर पाहत होता. थोड्या वेळाने तो वळला आणि म्हणाला, मग तो गोल मी खाल्लाच नाही. तो हसत नव्हता. त्याच्या लक्षात आलं ते आमच्या लक्षात यायला क्षणभर लागलं. बाद झालेल्या क्लबाचे सगळे सामने पुसायचे. त्यात आपला त्यांच्याशी झालेला सामनाही आला. तुझा गोल आला. मास्तरांनी बस थांबवायला सांगितली आणि खाली उतरले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी पाहायला गेलो, तर ते मागच्या चाकापाशी उभे राहून टायरला हळूहळू पाय मारत होते. मला पाहून म्हणाले, मी स्वतः जाऊन माणसं मागून आणली रे. तो गोल मीच पुसला. मी म्हटलं, आपण सगळ्यांनी. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्या दिवसापासून ते असे आहेत.

पुढच्या रविवारी खेळायचं कारणच उरलं नव्हतं. कोणी कोणाला फोन केला नाही. तरी मी पिशवी उचलून गेलो, तर ड्रायव्हरकाका बस चालू करून बसले होते, मावशी जर्सींना इस्त्री मारत होत्या, आणि सात काय, आठ माणसं जमली. त्यांत ते चौघेही होते. मास्तर आले, पण खेळले नाहीत, बाकावर बसून राहिले. शेवटचा सामनाही तसाच खेळलो. हरलो. सामना संपल्यावर रेफरी चेंडू बगलेत धरून मधोमध उभाच राहिला. तो कोणाकडे द्यायचा ते त्याला समजेना, आणि आम्हालाही. मग त्याने तो गवतावर ठेवला आणि निघून गेला. काही दिवसांनी लीगने शेवटचा तक्ता लावला. आपण सगळ्यांत खाली, विजय एकही नाही. तुझ्या नावापुढे सामने होते, पिवळी कार्डं होती, आणि गोलच्या रकान्यात शून्य. म्हातारपणी दाखवायला माझ्याही नावापुढे फारसं काही नाही, पण माझ्या शून्याचं मला काही वाटलं नाही. तुझं पाहून मात्र रडू आलं.

हे तुला न सांगताच राहावं असं आमचं ठरलं होतं. मास्तर म्हणाले, त्याला वाचायची मनाई आहे, मग कशाला. पण गेल्या आठवड्यात वहिनींचा मला गोदामात फोन आला. वहिनी, आता तुम्ही थांबाल, थांबू नका. शाळेत छोटीला कोणीतरी तो तक्ता दाखवला आणि म्हटलं की तुझ्या बाबाने गोल केलाच नाही. ती घरी येऊन तुझ्या उशाशी उभी राहिली आणि तिने विचारलं, बाबा, खरंच केला होतास का. आणि तू तिला म्हणालास, मला आठवत नाही बेटा, बहुतेक त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. हे ऐकल्यापासून मला चैन नाही, म्हणून हे पत्र. आता नीट ऐक, आणि छोटीला जवळ बसव. डावीकडचा कॉर्नर मी घेतला. मला चेंडू जवळच्या खांबाशी टाकायचा होता, पाय घसरला आणि तो सगळ्यांच्या डोक्यावरून लांब गेला. ते माझं काही कसब नव्हतं. तिकडे कोणीच नव्हतं, फक्त तू मागून धावत येत होतास, तोंड उघडं टाकून. तू उडालास ते चुकीच्या वेळी, जरा आधीच. चेंडू कपाळाला लागायचा तो तुझ्या डाव्या कानाला लागला, जमिनीवर आपटला, आणि दाढीवाला आडवा पडला त्याच्या पोटाखालून निघाला. मग इतका हळू गेला की मला वाटलं, मधेच कुठेतरी थांबेल. सगळे नुसते पाहत उभे होते. त्याने रेषा ओलांडली, त्या मास्तरांच्या वाकड्या रेषेपलीकडे गेला, जाळीला जेमतेम टेकला आणि तिथेच राहिला. शिट्टी झाली. तोवर तू खांबाशी पडला होतास. मूर्खा, तुला बरं वाटावं म्हणून रचायचाच असता तर मी इतका ओबडधोबड गोल रचला असता का? तुला हवेत आडवा उडवला असता, चेंडू वरच्या कोपऱ्यात घातला असता, पेन्शनरांना थर्मास टाकून नाचवलं असतं. त्यांच्यातला एकजण तर तेव्हा चहा ओतत होता, त्याने पाहिलंही नाही. बाकी आम्ही सगळ्यांनी पाहिलं. लीगने पुसला असेल, लीगच आता नाही. पत्राबरोबर पुडक्यात तुझी जर्सी आहे. मावशींनी धुऊन घडी घालून दिलीय, तो पट्टा त्यांनी वरच्या बाजूला ठेवलाय. वाचायला मनाई असली तरी हात चालतो ना तुझा. उजव्या खांद्यावर बोट फिरव, खडबडीत लागेल. तू तिथे होतास. मग छोटीलाही बोट लावू दे, आणि या वेळी तिने विचारलं की तिला नीट उत्तर दे.

तुझाच,
म्हातारा